आईचं नाव फळ्यावर

"हर मदर एन्जॉइज वॉशिंग अवर व्हेसल्स."

मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि खडू माझ्याकडे रोखला. "हिच्या आईला आमची भांडी घासायला आवडतं." मराठीतपण सांगितलं, न जाणो कुणाला कळलं नसेल तर! अख्खा क्लास खिदळला.

नाशिकरोडला मॅडमचा बंगला. खाली त्या इंग्रजीचा क्लास घ्यायच्या, वर माझी आई धुणीभांडी करायची. मी बारावीला. फुकट नव्हते हं, फी आईच्या पगारातून कापली जायची. त्या दिवशी कुठल्या क्रियापदापुढे आयएनजी लावायचं आणि कुठल्यापुढे टू, हे चाललं होतं. प्रत्येकानं आपल्या घरातलं वाक्य द्यायचं. एकीच्या पप्पांना ड्रायव्हिंग आवडतं. एकाला महाबळेश्वरला जायचंय. मी म्हणणार होते, मला वाचायला आवडतं. तोंड उघडायच्या आत मॅडमनी माझं वाक्य स्वतःच करून टाकलं.

तिथं थांबल्या असत्या तर मी गिळलंही असतं. पण बाईला चव लागली. 'फरगेट' आलं, आई कुकर घासायला विसरली. 'हेट' आलं, तर म्हणाल्या, "ह्या लोकांना अंघोळीचा कंटाळा." ह्या लोकांना! पहिल्या दिवशी आडनाव विचारून मला मागच्या बाकावर का बसवलं, ते तेव्हा डोक्यात शिरलं. वरून भांड्यांचा आवाज येत होता. आई घासत होती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. उठले. डस्टर हिसकावलं. आईवरची सगळी वाक्यं पुसली आणि लिहिलं, 'माय मदर हॅज स्टॉप्ड वॉशिंग युअर व्हेसल्स.' आईचं काम मी फळ्यावरच सोडून टाकलं. तिला न विचारता.

"हिंमत कशी झाली तुझी? बस खाली!"

"नाय बसत."

जिना चढताना ध्यानात आलं, घर त्याच कामावर चालत होतं. आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि अर्धी घासलेली कढई सिंकमध्ये टाकली.

"घासू दे तिला. आवडतं ना लय!"

पदराला हात पुसत माझ्या आधी जिना उतरली.

पुढं लय हाल काढले. पण इंग्रजीतच एमए केलं. आज मॅडमच्या बाल्कनीसमोर माझा क्लास आहे. मागच्या गल्लीत स्वस्त गाळा मिळत होता, पण तो तिला दिसला नसता. फ्लेक्सवर आईचं नाव, हातभर अक्षरांत. सकाळी चहा पिताना वाचावंच लागतं तिला. तिच्या क्लासची निम्मी पोरं माझ्याकडे आलीत. हो, मला त्याचा आनंद होतो. कशाला खोटं बोलू?

परवा मॅडम स्वतः आल्या.

"तेव्हाची गंमत अजून मनात ठेवलीस होय गं? बोर्डाची जागा तेवढी बदल."

बसा म्हटलं नाही. "गंमत नव्हती ती," म्हणाले. "बोर्ड हलणार नाही."

उलट आता त्याला लाइट लावतेय. रात्रीपण उजेड तिच्या हॉलमध्ये पडला पाहिजे. तिचा क्लास बंद पडेपर्यंत मी तो विझवणार नाही.