सुग्रीवच्या मंजिऱ्या

दिंद्रुडच्या आमच्या गायन पार्टीत माणिकराव गातात, मी पेटी वाजवतो आणि सुग्रीव मंजिऱ्या. मंजिऱ्या म्हणजे पितळेच्या दोन इवल्या वाट्या. पण त्या पिशवीतून काढतानाचा सुग्रीवचा तोरा बघावा. लोक नवी मोटारसायकलसुद्धा एवढ्या ऐटीत दाखवत नाहीत.

यंदाच्या भीमजयंतीचा कार्यक्रम कुणीतरी मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकला. सुग्रीवने तो लगेच पोरीला, पंचशीलाला धाडला. ती नाशिकला नर्स आहे. तिचा फोन आला, "बाबा, तुमी गेलतात ना त्या दिवशी? पेटी येती, ढोलकी येती. तुमचं कायच ऐकू येत न्हाई."

गडी पेटला. आधी माझ्यावरच घसरला, "तुझ्या पेटीनं खाल्लं मला!" वडवणीच्या कार्यक्रमात मोबाइल स्वतःच्या मांडीला लावून ठेवला आणि बोटं सुजेस्तोवर मंजिऱ्या बडवल्या. आमचे कान किटले. ग्रुपवर मात्र कुकरची रिंग सैल झाल्यासारखं नुसतं फिस्स फिस्स.

शेवटी त्याने साउंडवाल्या अनिलला गाठलं. अनिलने स्वतःकडचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात मंजिऱ्या खणखणीत!

"काका, पाठवताना फाइल दाबून लहान करत्यात," अनिल म्हणाला. "बोलणं नीट ठिवत्यात. असला बारीक, उंच आवाज काढून टाकत्यात. लोकायला काय कळत न्हाई म्हणून. ही मोठी फाइल धाडू का ताईला?"

"ऱ्हाऊ दे," सुग्रीव म्हणाला. फाइल बाजूलाच राहिली. लोकांना कळत नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मला त्याचं हसू आलं आणि वाईटही वाटलं.

पुढचा कार्यक्रम मांजरसुंब्याला होता. दुसऱ्या कडव्याला सुग्रीवने मुद्दाम हात थांबवले आणि टकामका सगळ्यांकडे बघत बसला. ढोलकी चालू, लोक डोलतायत, टाळ्या पडतायत. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीही पेटीत मान घालून वाजवत राहिलो. सुग्रीवचा चेहरा पार उतरला. तो मंजिऱ्या पिशवीत घालायला लागला.

तेवढ्यात माणिकराव अडखळले. पुन्हा सूर लावला, पुन्हा अडखळले. मग माइक तोंडाशी तसाच धरून वळले आणि गरजले, "सुग्रीव! हात काहून थांबला बे? तुझ्याबिगर मी गाऊ कसा?"

भोंग्यातून सगळ्या गावाने ऐकलं. मैदानभर हशा पिकला. सुग्रीव एवढा हरखला, की पुढचं गाणं त्याने लय सोडून दुप्पट वेगात पिटाळलं. माणिकरावांना धाप लागली.

हेही ग्रुपवर गेलं. मंजिऱ्या त्यातून गायबच. माणिकरावांचा ओरडा मात्र शब्द न् शब्द स्वच्छ. पंचशीलाने तो अख्ख्या वॉर्डाला ऐकवला आणि सांगितलं, "हे माझ्या बाबांचं वाजवणं."