दहावी सुई

ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला मी माणूस. असल्या गोष्टी कथांच्या कपाटात ठेवायच्या, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध... म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आमचं गाव चोपड्याजवळ. माझे थोरले भाऊ नाना कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले – लस गावात पोहोचायच्या आधीच. त्यांच्या सात वर्षांच्या नातीवर जळगावला केमो चालू होती. तिच्या वयाला लस नव्हती. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून भोवती शेवरी लावतात, तसं लस घेऊन पोरीभोवती आपण उभं राहायचं, असं नाना म्हणत. त्यांनी घरातल्या-शेजारच्या दहा जणांची यादी केली होती. दहावं नाव त्यांचं स्वतःचं.

पावसाळ्यात शाळेत लसीकरण ठेवलं. मी नोकरीच्या गावी, अमळनेरला, आधीच लस घेतलेली. यादीतल्या लोकांना घेऊन गेलो. वहिनी धरून नऊ जण आले. सिस्टर मूळची धुळ्याची, त्याच आठवड्यात रुजू झालेली. म्हणाली, "एका बाटलीत दहा डोस असतात. दहा झाल्याशिवाय फोडता येत नाही."

"मालेच दोनदा टोची टाक, ताई," शेजारचे आबा म्हणाले.

"दोनदा टोचलं तर दोन माणसं व्हाल का, आबा?"

पोर चार दिवसांनी घरी येणार होती आणि लसीची गाडी परत कधी येईल ते नक्की नव्हतं. मी दहावा माणूस शोधायला निघालो. पाच घरं फिरलो, सगळ्यांनी नकार दिला. परतलो तर सगळ्यांना टोचून झालं होतं. डब्यात वापरलेल्या सुया दहा. वहीत नावं नऊ.

"ते खिडकीपाशी बसलेले आजोबा कुठे गेले?" सिस्टरने विचारलं. "तेच म्हणाले – दहा व्हयी ग्यात, ताई, आते उघाड."

नऊ जणांपैकी कुणीच तसं कुणाला पाहिलं नव्हतं. वहिनींनी फक्त विचारलं, "कोणत्या हाताला घेतली?"

"उजव्या. डावा खांदा उचलत नाही म्हणाले."

बैलगाडीवरून पडल्यापासून नानांचा डावा हात वर जात नव्हता. सिस्टरने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. वहीतली दहावी ओळ रिकामीच राहिली.

सिस्टरची मोजण्यात चूक झाली असेल. पण खांद्याचं काय, ते मला आजही सांगता येत नाही. पोर आता शाळेत जाते.

तीन महिन्यांनी दुसरा डोस होता. तेच नऊ जण, तीच सिस्टर. ती मोजायला लागली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मोजू नको, ताई. दहा शेतस."

सिस्टरने बाटली उघडली. त्या दिवशी सुया मी मोजल्या नाहीत.