गाडी आणू नका

लग्न होऊन मी उंब्रजला आले तेव्हा माहेर तीन दिवस लांब होतं. आमचं गाव तासगावच्या पलीकडं. वडील बैलगाडी जुंपून निघायचे, पहिला मुक्काम विट्याला आत्याकडं, दुसरा कराडच्या अलीकडं कुठंतरी झाडाखाली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात हजर. सासुरवाशिणीला न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. मला भाऊ नव्हता, म्हणून वडीलच माझे मुराळी. दर नागपंचमीला यायचे. गाडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, आत गवत, त्यावर घोंगडं, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. ती घुंगरं ओढ्यापलीकडून ऐकू यायची आणि मी हातातलं टाकून ओसरीवर पळायचे. पहिली दोन वर्षं तरी पळायचे.

साठ साल उलटलं आणि रस्त्याला यष्ट्या वाढल्या. कराडहून तासगावला, तिथून पुढं आमच्या गावापर्यंत गाडी सुरू झाली. माझी मोठी जाऊ साताऱ्याची. ती माहेराहून यायची यष्टीनं, हातात पर्स, पायात चपला, साडीची घडी मोडलेली नाही. मी माहेराहून उतरायचे ती केसांत गवताच्या काड्या घेऊन. एकदा ती हसत म्हणाली, "तुमचं विमान केव्हा येणार, बाई?" चेष्टाच होती, आठवडाभरात ती विसरलीही असेल. मी कसली विसरते! मला ते लागलं, आणि लागलेलं मी उगाळत बसते.

पुढच्या पंचमीआधी सातवी पास असल्याचा मी असा उपयोग केला, की वडिलांना कार्ड लिहिलं. 'यंदा मी यष्टीनं येते. गाडी आणू नका. इथं बरं दिसत नाही.' यातलं शेवटचं वाक्य लिहायची काही एक गरज नव्हती. सासूबाईंना सांगितलं, घरी कळवलंय. नवऱ्यानं मला यष्टीत बसवून कंडक्टरला बजावलं, कराडला हिला तासगावच्या गाडीत बसवून द्या. त्यानं बसवून दिलं, खिडकीजवळची जागासुद्धा मिळवून दिली.

शेजारी सांगलीच्या शाळेतल्या एक बाई होत्या. एकटीच निघालीस का, म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, "आमच्याकडं सगळे यष्टीनंच फिरतात." कराड सोडून तासभर झाला असेल. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, म्हणून खिडकीतून पाहिलं. समोरून एक बैलगाडी येत होती. डावा बैल एका शिंगानं वाकडा. गाडीवान बैल बिथरू नयेत म्हणून खाली उतरून कासरा धरून चरीत उभा होता. यष्टी गेली आणि खड्ड्यातलं पाणी त्याच्या पटक्यावर उडालं. ते माझे वडील होते.

कार्ड पोचलं नव्हतं, हे तेव्हाच कळलं. घंटेची दोरी माझ्या डोक्यावरच होती. या गाडीचा कंडक्टरही भला माणूस होता, एका शब्दावर गाडी थांबली असती. मी त्या बाईंकडं पाहिलं, मग मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं आणि दोरीला हात लावला नाही.

चार वाजता घरी पोचले. आईनं दारातच विचारलं, "आगं, तुझा बा कुटं हाय? वाटंत गाठ न्हाई पडली?"

"न्हाई दिसलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन माझंच कार्ड घेऊन आला. थैली काल चारच्या यष्टीनं आली, म्हणाला. म्हणजे मी आणि माझं कार्ड एकाच गाडीतून आलो होतो. आईला वाचता येत नव्हतं. ती कौतुकानं म्हणाली, "वाच की, काय लिवलंयस?" मी वाचलं. शेवटचं वाक्य गाळलं. आईनं कार्ड तुळईच्या तारेला बाकीच्या पत्रांवर टोचून ठेवलं.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन वडील परत आले. गावच्या लेकी झोक्यावर होत्या, मी मात्र घरातून हलले नव्हते. "चुकामूक झाली बग," एवढंच म्हणाले. विहीणबाईंनी जेवू घातलं, बैलांना वैरण दिली, लय चांगली माणसं, म्हणाले. मग हातपाय धुऊन तारेखाली उभे राहिले आणि कार्ड काढलं. प्रौढांच्या वर्गात ते अक्षरं लावायला शिकलेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोट फिरवत एकेक अक्षर लावून त्यांनी अख्खं कार्ड वाचलं. मी चुलीपाशी होते. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. पुन्हा तारेला लावताना ते म्हणाले, "अक्षार झ्याक हाय तुझं." मला वाटलं, त्यांनी मला चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माफी मागायचं धाडस मात्र झालं नाही.

पुढच्या वर्षी मी कार्ड लिहिलं नाही. पंचमीच्या तोंडावर वडील आले ते चालत, पांढराशुभ्र पटका, खांद्याला पिशवी. घुंगरं वाजली नव्हती. "यष्टीनं आलो," त्यांनी सासूबाईंना सांगितलं. आणि मला, काय सांगू, आनंद झाला. मी मुद्दाम जावेकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. स्टँडकडं वळायच्या जागी ते वळलेच नाहीत. गावाबाहेर एक बंद गुऱ्हाळ होतं, त्याच्या मागं गेले. तिथं आमची गाडी उभी होती. तट्ट्या होता, गवतावर घोंगडं होतं. गुऱ्हाळाच्या राखणदाराला बैलांजवळ बसवून ते रात्री आमच्याकडं राहिले होते.

"आवं आबा, मग यष्टीनंच का न्हाई आलासा?" मी विचारलं. 

"यष्टीत लेकीला कंडक्टर नेतो," ते बैल जुंपत म्हणाले. "मग मुराळी कोण?"

मी चढून बसले. बैलांच्या गळ्याकडं पाहिलं, तर गळे मोकळे.

"आन् घुंगरं?"

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीवर हात ठेवला. "हितं हायती. तुझं गाव मागं पडलं की बांदू."