कडी लावून बसलेला मासा

ट्रिगर म्हटल्यावर बजरंगला डेटाबेसच आठवला, तिथंच घोटाळा झाला. बाणेरच्या आयटी कंपनीत रिसेप्शनला खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिची देखभाल जयाताई करायच्या. त्यांना न विचारता, वाशीमहून आलेल्या, तिथंच डेटाबेस सांभाळणाऱ्या बजरंगनं मुंबईहून 'ट्रिगरफिश' मागवला. नाव आपल्या धंद्यातलं, एवढंच बघून. आठवड्यात त्या माशानं जयाताईंचे दोन खेकडे फोडून खाल्ले, दगड उलथवले आणि बाकीच्या माशांच्या शेपट्या कुरतडल्या.

चारला अमेरिकन क्लायंट येणार, म्हणून कंपनीच्या पृथ्वीराज साहेबांनी मासा काढायला जयाताईंना बोलावलं.

जयाताई प्राणिशास्त्रात एम.एस्सी. शनिवार पेठेत शोभेच्या माशांचं दुकान काढलं तेव्हा घरमालक म्हणाले होते, "आमच्या इथं मासे चालत नाहीत."

"अहो, खायचे नाहीत, बघायचेत," म्हणत त्या कुलूप काढून आत गेल्या होत्या.

आता रिसेप्शनच्या टाकीत त्यांची जाळी जाताच मासा दगडांच्या फटीत घुसला.

"झालं. पाठीवरचा मोठा काटा उभा केला त्यानं, मागच्या धाकट्यानं अडसर घातला. कडी आतून लागली. ओढलंत तर फाटेल, निघणार नाही," जयाताई म्हणाल्या.

"मग कडी काढा," साहेब म्हणाले.

"धाकटा काटा दाबला की निघते. पण ठेवू कुठे? दुकानातल्या टाक्या भरल्यात."

"बादलीत ठेवा."

"मरेल. मी नाही काढत."

"मॅडम, तुमचं कॉन्ट्रॅक्ट काढून घ्यावं लागेल."

"काढा की. त्याला काटा नाही."

साहेब बजरंगकडे वळले. "आणलास तू, काढ तू."

बजरंगनं बाही वर करून हात घातला. माशाचा एक डोळा त्याच्यावर होता, दुसरा साहेबांवर. त्यानं हात बाहेर घेतला.

"सर, बाकीचे हलवू. आणल्यावर वाचलं मी, प्रवाळाच्या कपारीतही हा एकटाच राहतो. आपल्या जागेत दुसरं कुणी आलेलं त्याला खपत नाही."

"म्हणजे चूक तुझी आणि टाकी त्याची?"

"हो सर."

बाकीचे मासे पिशव्यांतून शनिवार पेठेत गेले, लहानांना कशीबशी जागा झाली. कॉन्ट्रॅक्टही गेलं. तरी दर गुरुवारी जयाताई त्याच्यासाठी कवचासकट तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घेऊन येतात. या माशाचे दात वाढत राहतात, ते झिजायला हवेत. साहेब तेवढा वेळ दुसरीकडे बघतात.

खेकड्यांच्या बदल्यात बजरंगनं जयाताईंना गाडीवरची अंडाभुर्जी कबूल केली होती. पण त्या येतात गुरुवारी, आणि गुरुवारी त्यांचा उपास असतो. ती अजून द्यायचीच आहे.