मॅडमचं लग्न झालं काय?

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण माझ्यासारखी फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

आमच्या चामोर्शीकडच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. पाहुण्या कोण? पंचायत समितीच्या नव्या बीडीओ मॅडम. शाळेची बोअरवेल त्यांच्याच सहीवाचून अडलेली.

हेडमास्तर म्हणाले, "तू इंग्रजीचा मास्तर. मॅडमची ओळख इंग्रजीतच कर. अन् शब्द चुकला ना, तर बोअर गेली समज!"

मी पहिल्याच शब्दाला अडलो. मिस म्हणू की मिसेस? पुस्तकात तिसराही एक होता, 'मिझ'. लग्न झालेलं असो नसो, चालतो म्हणे. मी तो म्हणून दाखवला.

"मिझ?" हेडमास्तर दचकले. "सर्दी झाली काय तुले? सरळ बोल ना!"

झालं! म्हणजे आता लग्नाचं शोधणं आलं. आपल्याकडे मंगळसूत्र नाहीतर जोडवी दिसली की काम भागतं. म्हणून पंचायत समितीत गेलो. तर मॅडमच्या गळ्यात स्कार्फ, पायात बूट! आता माणसानं करावं काय? शेवटी त्यांच्या ड्रायव्हरला गाठलं.

"भाऊ, मॅडमचं लग्न झालं काय?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काऊन सर? तुमचं राह्यलं काय?"

"राह्यलं, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं त्यानं ऐकलंच नाही हो! संध्याकाळी घरी पोचतो तर बातमी माझ्याआधीच पोचलेली! आई नवं लुगडं नेसून बसलेली आणि मामा हजर.

"बीडीओ पाहून राह्यला अन् आम्हाले सांगत नाई?" आई म्हणाली.

मी मिस आणि मिसेसमधला फरक समजावत सुटलो. मामा शांतपणे म्हणाला, "आता मिस म्हन. मिसेस मंग आपोआप होईल!"

संमेलनाला अख्खं गाव लोटलं. सगळ्यांची नजर मॅडमवरून माझ्यावर, माझ्यावरून मॅडमवर. मी माइक धरला आणि तोंडातून निघालं काय? "मिस... मिसेस... मिझ..." नुसता घाम!

मॅडम उठल्या. त्याही आमच्या गडचिरोलीकडच्याच निघाल्या. "बोअर मंजूर!" म्हणाल्या. टाळ्या! मग माझ्याकडे वळल्या. "सर, मिझच बरोबर होतं. माझं लग्न झालं का नाई, याचं बोअरले काय करायचं? तुमच्या नावाआधीच्या 'मिस्टर'वरून तरी लग्नाचं कुठी कळते?"

सुटलो एकदाचा, असं वाटलं मला.

"पण ड्रायव्हरनं सांगतलं, सर बिनलग्नाचे आहेत. कोनाच्या घरी पोरगी असन तर पाहा बाप्पा!"

बोअरला पाणी लागलं. मला मात्र अजून कोणी पोरगी दिली नाही. वर्गात शिरलो की पोरं उठून एका सुरात म्हणतात, "गुड मॉर्निंग, बिनलग्नाचे सर!"