ज्योतीरामांची हजेरी

वर्षालीला कुणी विचारलं, काय करतेस गं हिंजवडीत, की ती सरळ सांगायची, "कुलपं ओढून बघते." खोटं नव्हतं ते. चाकणच्या एका कारखान्यासाठी तिची कंपनी हजेरीचं ॲप बनवत होती. लॉगिन न करता कुणी आलं तर सर्व्हरने हाकललं पाहिजे, ओळख पटली तर आत घेतलं पाहिजे. हे तपासायला तिने एक खोटा कामगार बनवला होता.

नाव मात्र खोटं सुचेना बाईला! टाकलं, ज्योतीराम. म्हणजे तिचे अण्णा. लातूरहून येऊन चाकणला सव्वीस वर्षं फिटर होते, दोन वर्षांपूर्वी बसल्या जागी गेले. लेकीशी दोन शब्द बोलायलाही थांबले नाहीत. आता रोज सकाळी चाचणी चालवली की पडद्यावर यायचं, ज्योतीराम, पहिली शिफ्ट, हजर. तेवढं वाचायला ती आकुर्डीहून धडपडत सगळ्यांच्या आधी पोचायची. वेडेपणाच, दुसरं काय!

परवा टीममधला अवधूत म्हणाला, "हजेरी लागली की कामगाराला मेसेज जातो, तेही तपास." तिने सवयीने अण्णांचाच नंबर टाकला. लॉगिन चाचणीपुरतं खोटं होतं, पण मेसेज पाठवणारी सेवा खरीच जोडलेली राहिली. आणि तो मोबाईल तिची आई सुमनताई अजून रिचार्ज करून शोकेसवर ठेवते, हे त्या घाईत साफ विसरली.

पाच मिनिटांत घरून फोन. "वर्षे, ह्यांची हजेरी लागलीय की गं!"

"आई, ते माझ्या कामातलं आहे. खोटं आहे. चुकलं माझं, आत्ता नाव काढते."

"खोटं आहे ते कळतंय मला, खुळी नाही मी. नाव कशाला काढतीस? राहू दे. पहिली शिफ्ट असली की साडेचारला दारात असायचे. त्या वेळचा चहा एकटीला जात नाही बघ. आज तू ये."

वर्षालीने मेसेजची सेवाही खोटी केली, नाव तसंच ठेवलं आणि अर्धी सुट्टी टाकली.

बरोबर साडेचारला तिने बेल वाजवली. दार उघडल्यावर सुमनताईंनी आधी तिच्या मागे, जिन्याकडे बघितलं. मग तिला आत घेतलं.