साडेपाच तासांची चूक

पुण्याहून सकाळच्या विमानाने दिल्लीला निघालो तेव्हा पिशवीत एक जुनी वही होती. ती दाखवण्याची हिंमत होईल की नाही, ठाऊक नव्हतं.

आमचं काम बलूनचं. गॅमा किरण हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण भल्यामोठ्या बलूनला बांधून वर सोडायची आणि आकाशात क्षणभर भडकून विझणारे स्रोत टिपायचे. काही वर्षांपूर्वी एका उड्डाणात नोंदी एकदम उसळल्या. त्या वेळी एकाही उपग्रहाला काही दिसलं नव्हतं. मी अहवालात लिहिलं, दुर्बिणीतल्या किरण टिपणाऱ्या पेटीत विजेची ठिणगी पडली असावी. पेटी आमच्याच प्रयोगशाळेतल्या नाडकर्णीकाकांनी बनवलेली. पुढच्या उड्डाणांतून ती वगळली गेली, आणि काका मुदतीआधीच निवृत्ती घेऊन फरीदाबादला गेले.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना या वहीत माझ्याच अक्षरात सापडलं: 'दुर्बिणीचं घड्याळ भारतीय वेळेवर.' उपग्रहांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात. मी साडेपाच तास भलतीकडे शोधत होतो. वेळ सुधारून पाहिली, तर एका उपग्रहाने तोच स्फोट टिपला होता.

मेट्रोत डुलकी लागली आणि दोन स्टेशनं पुढे गेलो. ई-रिक्षावाला वैतागला. "सर, सेक्टर तो बता दिया, मकान भी बताओगे या सूँघ के ढूँढूँ?" दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, वर धुरकट ऊन. डोळे चुरचुरत होते.

काकूंनी बेडमी (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची भाजी वाढली. काका करोल बागेतल्या जुन्या मराठी घरातले. बोलण्यात हिंदी सहज येतं. "खा यार, विमानात काय देतात, बिस्किटं?"

मी वही उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी वही स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली.

"कधी कळलं तुला?"

"दिवाळीत."

"अच्छा. आता होळी आलीय."

"धीर होत नव्हता, काका."

"मला सांगून काय होणार? तेव्हा अहवाल ज्यांना धाडलास, त्यांना लिही. बिल्कुल आत्ता."

"अहो, जेवू तरी द्या त्याला," काकू म्हणाल्या.

"जेवेल की. आधी लिहू दे."

तिथेच, जेवणाच्या टेबलावर, मी फोनवर पत्र लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "घड्याळ कोणी लावलं होतं, ते नाही लिहिलंस." मी माझं नाव घातलं आणि पत्र पाठवलं.

निघताना ते कोपऱ्यापर्यंत आले. रिक्षा थांबली, तसा त्यांनी माझा दंड धरला.

"पण खरंच होता ना रे तो? स्फोट?"

"होता."

"आणि आपल्या पेटीनं पकडला?"

"तुमच्या पेटीनं."

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या विमानात झोप आली नाही. मी माझा गुन्हा सांगायला गेलो होतो. त्यांच्यासाठी त्यात एक आनंदाची बातमीही आहे, हे मला सुचलंच नव्हतं. चार महिने तीही मी दाबून ठेवली होती.